भाषा, राज्यसत्ता आणि युद्ध : श्रीलंकेविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

सारांश

श्रीलंकेतील यादवी युद्ध (१९८३-२००९) हे भाषिक राष्ट्रवादाचे फलित होते, असे प्रतिपादन राज्यशास्त्रीय अभ्यासांतून वारंवार केले गेले आहे. त्याच वेळी भाषिक तक्रारीतून युद्ध उद्भवत नाही, उलट तिच्यामुळे संघर्ष वाटाघाटीच्या कक्षेत राहतो, असे नेमके विरुद्ध प्रतिपादनही झाले आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांसह इतिहासलेखन, मानववंशशास्त्र आणि समाजभाषाविज्ञान या क्षेत्रांतील निवडक अभ्यासांची चिकित्सा केली आहे. भाषेने युद्ध घडवले की नाही, या प्रश्नापेक्षा भाषेच्या व्यवहारातून राज्यसंस्थेच्या शब्दावरील विश्वास कसा नष्ट झाला, हा प्रश्न अधिक फलदायी आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

महत्त्वाचे शब्द : भाषिक राष्ट्रवाद, राजभाषा, वांशिक संघर्ष, श्रीलंका, संशोधनाची भाषा

१. प्रस्तावना

युद्धग्रस्त देशातील भाषेचा अभ्यास दोन कारणांमुळे अवघड ठरतो. पहिले कारण असे की, अशा देशात भाषा ही केवळ अभ्यासविषय राहत नाही. ती ओळखपत्राचे, नोकरीच्या अटीचे, प्रसंगी जिवंत राहण्याच्या कसोटीचे काम करते. दुसरे कारण असे की, संशोधक ज्या भाषेत लिहितो ती भाषाही त्या संघर्षाबाहेरची नसते. श्रीलंकेच्या संदर्भात ही दोन्ही कारणे ठळकपणे जाणवतात. या देशाविषयीचे संशोधन विपुल आहे आणि त्यातील मोठा भाग स्वतः श्रीलंकन अभ्यासकांनी केला आहे. तथापि जगभर उद्धृत होणारे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, म्हणजे ज्या भाषेच्या सत्तेविरुद्ध १९५६ चे आंदोलन उभे राहिले त्याच भाषेत. या विसंगतीचा परिणाम संशोधनाच्या प्रश्नांवर झाला आहे किंवा कसे, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो.

२०१२ च्या जनगणनेनुसार श्रीलंकेच्या लोकसंख्येत सिंहली सुमारे ७५ टक्के, श्रीलंकन तमिळ सुमारे ११ टक्के, मुस्लिम सुमारे ९ टक्के आणि चहामळ्यांतील भारतीय वंशाचे तमिळ सुमारे ४ टक्के आहेत. सिंहली ही इंडो-आर्य कुळातील, तर तमिळ ही द्राविड कुळातील भाषा होय. मुस्लिमांपैकी बहुसंख्यांची मातृभाषा तमिळ आहे. ही शेवटची बाब वरवर साधी वाटली, तरी 'भाषा म्हणजे वंश आणि वंश म्हणजे राजकीय पक्ष' या समीकरणाला तिच्यामुळेच पहिला तडा जातो. तिचा विचार पुढे केला आहे.

२. घटनाक्रम : कायद्यापासून युद्धापर्यंत

विवेचनाच्या सोयीसाठी काही घटनांची नोंद आवश्यक आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात 'स्वभाषा' चळवळीचा रोख इंग्रजीविरुद्ध होता. १९४४ मध्ये जे. आर. जयवर्धने यांनी विधिमंडळात सिंहलीला राजभाषा करण्याचा ठराव मांडला, तेव्हा दुरुस्तीद्वारे त्यात तमिळचाही समावेश झाला. अवघ्या बारा वर्षांत हे चित्र पालटले. एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांच्या आघाडीने चोवीस तासांत सिंहलीला राजभाषा करण्याची घोषणा देऊन १९५६ ची निवडणूक जिंकली आणि त्याच वर्षी सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा संमत झाला. ५ जून १९५६ रोजी कोलंबोतील गॉल फेस मैदानावर शांततेने सत्याग्रहास बसलेल्या तमिळ नेत्यांवर जमावाने हल्ला केला. त्यानंतर गल ओया खोऱ्यात दंगली उसळल्या.

जुलै १९५७ मध्ये बंदरनायके आणि फेडरल पक्षाचे नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्यात करार झाला. तमिळला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता आणि प्रादेशिक परिषदांची तरतूद हे त्याचे गाभ्याचे मुद्दे होते. बौद्ध भिक्षूंचा आणि विरोधी पक्षाचा दबाव वाढताच एप्रिल १९५८ मध्ये बंदरनायके यांनी हा करार रद्द केला. पुढच्याच महिन्यात देशव्यापी दंगल झाली. तमिळच्या वापरासंबंधीचा विशेष तरतुदींचा कायदा १९५८ मध्येच संमत झाला खरा. परंतु त्याखालील नियम येण्यास १९६६ साल उजाडले. दरम्यान १९६५ मध्ये डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी दुसरा करार केला. त्यातील प्रादेशिक सत्तावाटपाचा भागही अमलात आला नाही.

१९७२ च्या राज्यघटनेने सिंहलीचे स्थान घटनात्मक केले आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशासाठी परीक्षेच्या माध्यमानुसार गुणांचे 'प्रमाणीकरण' सुरू झाले. १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावाने स्वतंत्र तमिळ राष्ट्राची मागणी केली. १९८१ मध्ये ३१ मेच्या रात्री जाफना सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले आणि सुमारे ९७,००० ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर युद्धाला तोंड फुटले. पुढे १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचा दर्जा दिला. म्हणजे ज्या मागणीसाठी १९५६ मध्ये सत्याग्रह झाला, ती कागदावर मान्य झाली तेव्हा युद्धाची चार वर्षे उलटली होती. आणि ते संपण्यास आणखी बावीस वर्षे लागणार होती.

३. कायदाकेंद्री परंपरा

या विषयावरील राज्यशास्त्रीय लेखनाची पायाभरणी हॉवर्ड रिगिन्स यांच्या 'सिलोन : डिलेमाज ऑफ अ न्यू नेशन' (१९६०) आणि रॉबर्ट कर्नी यांच्या 'कम्युनॅलिझम अँड लँग्वेज इन द पॉलिटिक्स ऑफ सिलोन' (१९६७) या ग्रंथांनी केली. दोन्ही ग्रंथ युद्धापूर्वीचे आहेत आणि हेच त्यांचे बलस्थान होय. पुढे काय घडणार हे ठाऊक नसल्यामुळे या अभ्यासकांना १९५६ चे आंदोलन त्याच्या स्वतःच्या तर्काने समजून घ्यावे लागले. त्यांच्या लेखनातून दिसणारा सिंहली शिक्षक, आयुर्वेदिक वैद्य किंवा ग्रामीण भिक्षू हा केवळ तमिळद्वेष्टा नाही. इंग्रजी येत नसल्यामुळे स्वतःच्या देशातील कचेरीत परका ठरलेला तो नागरिक आहे. त्याची तक्रार खरी होती; तिच्यावर शोधलेला उपाय अन्यायकारक होता. युद्धोत्तर काळातील अनेक लेखकांना हा फरक राखता आलेला नाही.

नील डिव्होटा यांचा 'ब्लोबॅक' (२००४) हा या परंपरेतील सर्वांत प्रभावी ग्रंथ मानावा लागेल. त्यांचे प्रतिपादन दुपदरी आहे. सिंहली समाजातील दोन प्रमुख पक्ष एकमेकांवर मात करण्यासाठी चढत्या बोलीने बहुसंख्याकवाद जोपासत गेले, हा पहिला पदर. आणि या स्पर्धेमुळे संसद, नोकरशाही, पोलीस व न्यायसंस्था यांचा निःपक्षपातीपणा झिजत गेला, हा दुसरा. यांतील दुसरा पदर अधिक मोलाचा आहे. चढत्या बोलीचे राजकारण अनेक लोकशाही देशांत आढळते, मात्र ते सर्वत्र युद्धापर्यंत जात नाही. संस्था टिकून असतील तर त्या अशा राजकारणाला आवर घालतात. श्रीलंकेत नेमक्या त्याच निकामी झाल्या.

कोडीश्वरन खटला हे याचे बोलके उदाहरण होय. सिंहली भाषेची परीक्षा देण्यास नकार दिल्यामुळे वेतनवाढ रोखलेल्या या तमिळ सरकारी सेवकाने न्यायालयात दाद मागितली. १९६४ मध्ये जिल्हा न्यायालयाने राजभाषा कायदा घटनाविरोधी ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सरकारी सेवकाला वेतनासाठी सरकारवर दावा लावता येत नाही, या तांत्रिक मुद्द्यावर तो निर्णय फिरवला. १९६९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो मुद्दा अमान्य करून प्रकरण परत पाठवले. १९७१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करण्याची सोयच रद्द झाली आणि १९७२ च्या राज्यघटनेनंतर मूळ प्रश्न निर्णयाविनाच मागे पडला. भाषिक अन्यायाविरुद्धचा घटनात्मक मार्ग कोणी एका फटक्यात बंद केला नाही. तो अनिर्णयाच्या वाटेने बंद झाला.

तथापि या परंपरेची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. तिचे लक्ष कायदे, करार, निवडणुका आणि नेते यांवर खिळलेले राहते. प्रशासकीय सेवेतील तमिळांचे प्रमाण १९५६ मधील ३० टक्क्यांवरून १९७० मध्ये ५ टक्क्यांवर आले, हे आकडे या लेखनात पुनःपुन्हा उद्धृत केले जातात. ते घसरणीची तीव्रता दाखवतात. परंतु ती कशी घडली, हे त्यांतून कळत नाही. नवी भरती थांबली, जुन्यांनी नोकरी सोडली, की सेवांचा एकूण विस्तार दुसऱ्या समाजातून झाला? कार्यालयाच्या खिडकीवर, पोलीस ठाण्यात आणि शाळेच्या वर्गात हा कायदा प्रत्यक्ष कसा जगला गेला, याचे तपशील कायदाकेंद्री लेखनात तुरळकच सापडतात.

४. लेटिन यांचा आक्षेप आणि त्याची मर्यादा

डेव्हिड लेटिन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक संघर्ष आणि हिंसा या विषयावरील निबंधात प्रचलित समजुतीला थेट आव्हान दिले. अनेक देशांतील अल्पसंख्याक गटांच्या संख्यात्मक माहितीच्या आधारे त्यांनी असा निष्कर्ष काढला की, भाषिक तक्रारींमुळे सशस्त्र हिंसेची शक्यता वाढत नाही. धार्मिक तक्रारींच्या जोडीला भाषिक तक्रार असल्यास ती कमीच होते. भाषेचा प्रश्न राजभाषा, परीक्षा, शिक्षणाचे माध्यम अशा बाबींत रूपांतरित करता येतो, त्यामुळे तो नोकरशाहीच्या आणि वाटाघाटींच्या चौकटीत राहतो, हे त्यामागील तर्कशास्त्र. श्रीलंकेच्या बाबतीत तमिळ सशस्त्र बंडाचा उदय १९५६ नंतर लगेच झाला नाही. तो भाषेच्या प्रश्नावर काही सवलती मिळाल्यानंतरच्या काळात झाला, याकडे ते लक्ष वेधतात.

हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. १९५६ आणि १९७५ यांच्यात दोन दशकांचे अंतर आहे आणि त्या काळातील तमिळ राजकारण प्रामुख्याने सत्याग्रह, संसद व करार यांच्याच मार्गाने चालले. त्यामुळे 'कायदा झाला म्हणून युद्ध झाले' असे सरळ कार्यकारणभावाचे विधान टिकत नाही.

परंतु लेटिन यांच्या मांडणीत दोन अडचणी आहेत. पहिली अडचण वर्गीकरणाची. भाषिक तक्रार, शैक्षणिक तक्रार आणि रोजगाराची तक्रार ही स्वतंत्र चले मानली, तरच त्यांचा निष्कर्ष निघतो. श्रीलंकेत विद्यापीठ प्रवेशाचे प्रमाणीकरण हे परीक्षेच्या माध्यमानुसार झाले. म्हणजे तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्याच अभ्यासक्रमासाठी अधिक गुण मिळवावे लागले. ज्या तरुणांतून पुढे सशस्त्र गट उभे राहिले त्यांची शैक्षणिक तक्रार भाषेच्याच खाचेतून आलेली होती. तक्त्यातील दोन रकाने प्रत्यक्ष जीवनात एकच होते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. भाषेचा प्रश्न वाटाघाटींनी सुटू शकतो, हे विधान वाटाघाटींत दिलेला शब्द पाळला जाईल, असे गृहीत धरते. १९५७ चा करार मोडला गेला, १९६५ चा पाळला गेला नाही, १९५८ च्या कायद्याचे नियम आठ वर्षे आलेच नाहीत आणि न्यायालयीन मार्ग अनिर्णित राहिला. या मालिकेमुळे तमिळ समाजातील सनदशीर नेतृत्व निष्प्रभ झाले. भाषेचा प्रश्न वाटाघाटीयोग्य होता म्हणूनच त्याच्यावर सर्वाधिक वाटाघाटी झाल्या आणि म्हणूनच विश्वासभंगही सर्वाधिक त्याच्याच बाबतीत घडला. डिव्होटा यांचा संस्थाक्षयाचा मुद्दा आणि लेटिन यांचा वाटाघाटीयोग्यतेचा मुद्दा परस्परविरोधी वाटले, तरी ते येथे एकमेकांना पूरक ठरतात. भाषेने युद्ध पेटवले नाही. युद्ध टाळू शकणारी यंत्रणा मात्र भाषेच्या प्रश्नावरच मोडून पडली.

५. भूतकाळावरील हक्क : इतिहासलेखनाचा वाद

आर. ए. एल. एच. गुणवर्धन यांच्या 'द पीपल ऑफ द लायन' (१९७९) या निबंधाने सिंहली अस्मिता प्राचीन काळापासून अखंड आणि सर्वसमावेशक होती, या समजुतीची चिकित्सा केली. ही ओळख आरंभी राजघराणे व सत्ताधारी वर्गापुरती मर्यादित होती. भाषेवर आणि वंशावर आधारलेला तिचा आजचा अर्थ वसाहतकालीन घडामोडींतून, विशेषतः युरोपीय वंशकल्पनांच्या प्रभावातून घडला, असे त्यांचे मत होते. के. एन. ओ. धर्मदास यांनी याचा सविस्तर प्रतिवाद केला. वसाहतपूर्व काळातही सिंहली भाषा आणि बौद्ध धर्म यांभोवती सामूहिक जाणीव होती, असे त्यांनी वाङ्मयीन पुराव्यांच्या आधारे दाखवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या 'लँग्वेज, रिलिजन अँड एथ्निक असर्टिव्हनेस' (१९९२) या ग्रंथात सिंहली राष्ट्रवादाच्या वाटचालीत भाषेने बजावलेली भूमिका विस्ताराने आली आहे.

या वादाचे वैशिष्ट्य असे की, दोन्ही अभ्यासक मूळ सिंहली व पाली साधनांवर अधिकार असणारे होते. म्हणूनच तो केवळ वैचारिक आरोपप्रत्यारोपांच्या पातळीवर राहिला नाही. शिलालेखातील एखाद्या शब्दाच्या अर्थावरही चर्चा झाली. तरीही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. अस्मिता प्राचीन आहे असे सिद्ध झाले, तरी त्यातून एकभाषिक राज्ययंत्रणेचे समर्थन होत नाही. आणि ती आधुनिक आहे असे सिद्ध झाले, म्हणून ती खोटी ठरत नाही. युद्धकाळात विद्वत्तेला न्यायनिवाड्याचे काम दिले गेले की असा घोळ होतो. इतिहासकाराने पुराव्याचे मोल ठरवावे. हक्काचा निवाडा त्याच्या पुराव्यावर सोपवला, तर दोन्हींचे नुकसान होते.

६. समीकरणाबाहेरची माणसे

सिंहली विरुद्ध तमिळ या दुहेरी मांडणीत तीन समूह नीट बसत नाहीत, आणि संशोधनाची खरी कसोटी याच तीन ठिकाणी लागते.

पहिला समूह तमिळभाषक मुस्लिमांचा. ऑक्टोबर १९९० मध्ये लिबरेशन टायगर्सनी (एल.टी.टी.ई.) उत्तर प्रांतातील ७० हजारांहून अधिक मुस्लिमांना अत्यल्प मुदतीत हाकलून दिले. हाकलणारे आणि हाकलले गेलेले एकाच भाषेत बोलत होते. शारिका तिरानगम यांच्या 'इन माय मदर्स हाउस' (२०११) या ग्रंथात या विस्थापितांच्या घर, गाव आणि आठवण यांविषयीच्या कल्पनांचा सूक्ष्म अभ्यास आहे. सामायिक भाषेतून सामायिक राष्ट्र आपोआप निर्माण होत नाही, हा धडा या अभ्यासातून मिळतो.

दुसरा समूह मळ्यांतील तमिळांचा. त्यांच्यातील बहुसंख्यांना १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने नागरिकत्व नाकारले, म्हणजे राजभाषा कायद्याच्या आठ वर्षे आधी. त्यांच्या बाबतीत बहिष्काराचा प्रारंभ भाषेपासून झाला नाही. तो श्रम, वर्ग आणि 'परदेशी' या शिक्क्यापासून झाला. १९५६ हेच आरंभबिंदू मानणाऱ्या लेखनातून हा समूह निसटतो.

तिसरा समूह सिंहली माध्यमातून शिकलेल्या ग्रामीण तरुणांचा. एकभाषिक धोरणाचा लाभ ज्यांना व्हायचा, त्यांच्यातूनच जनता विमुक्ती पेरमुणचे १९७१ चे आणि १९८७-८९ चे उठाव झाले, तेही सिंहली नेतृत्वाच्या सरकारविरुद्ध. तिरु कंडय्या यांनी १९८४ च्या निबंधात इंग्रजीसाठी रूढ झालेल्या 'कडुव' या सिंहली शब्दाचे विश्लेषण केले आहे. कडुव म्हणजे तलवार. कायद्याने इंग्रजीला पदच्युत केले तरी खासगी क्षेत्र, उच्च शिक्षण आणि अभिजनांचे व्यवहार तिच्याच हाती राहिले. सिंहली तरुणाला राजभाषा मिळाली, पण तलवार दुसऱ्याच्या हाती राहिली. श्रीलंकेतील भाषासंघर्ष मुळात त्रिकोणी आहे. त्याची तिसरी बाजू, म्हणजे इंग्रजी, बहुतेक इंग्रजी ग्रंथांत पार्श्वभूमीला जाते, हे लक्षणीय होय.

७. हिंसेची भाषा

स्टॅन्ले तंबैया हे १९५६ मध्ये विद्यार्थ्यांसह गल ओया परिसरात क्षेत्रीय अभ्यास करीत असताना तेथे दंगल उसळली. तीस वर्षांनी त्यांनी 'श्रीलंका : एथ्निक फ्रॅट्रिसाइड' (१९८६) लिहिले आणि 'लेव्हलिंग क्राउड्स' (१९९६) मध्ये दक्षिण आशियातील दंगलींची तुलना केली. व्हॅलेंटाइन डॅनियल यांनी 'चार्ड ललबाइज' (१९९६) मध्ये आणखी अवघड प्रश्न हाताळला : अत्याचार सोसलेला माणूस जेव्हा बोलू शकत नाही, तेव्हा संशोधकाने काय नोंदवावे? वेदना आणि वाक्य यांच्यामधील अंतर मान्य करूनच लिहिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका आहे. हे लेखन वाचकाला सहज हाती लागत नाही. परंतु आकड्यांनी भरलेल्या अहवालांपुढे त्याचे मोल निर्विवाद आहे.

जुलै १९८३ च्या हिंसाचारात बस अडवून प्रवाशांना 'ब'ने सुरू होणारे शब्द उच्चारायला लावल्याच्या नोंदी आहेत. 'बाल्दिय' हा त्यांतील एक. मूळच्या तमिळ शब्दांच्या आरंभी 'ब' हा घोष ध्वनी येत नाही, त्यामुळे तमिळभाषकाचा उच्चार ओळखू येतो. मराठीतील 'बालदी' आणि सिंहलीतील 'बाल्दिय' हे दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. एका परकीय भांड्याचे नाव देशी असल्याची परीक्षा ठरले. भाषेच्या शुद्धतेवर आधारलेल्या राष्ट्रकल्पनेचा पोकळपणा यापेक्षा अधिक उघड होणे कठीण.

युद्धाने दोन्ही बाजूंचा शब्दसंग्रहही घडवला. सिंहली सार्वजनिक भाषेत सैनिक 'रणविरु' झाले, एल.टी.टी.ई.च्या तमिळमध्ये मृत सैनिक 'मावीरर' झाले. परस्परांना संपवू पाहणाऱ्या या दोन्ही शब्दांत 'वीर' हे एकच संस्कृत पद आहे. स्वपक्षातील मतभेद व्यक्त करणाऱ्यासाठी तमिळमध्ये 'तुरोगी' हा शब्द वापरला गेला. तो 'द्रोही'चेच रूप होय. २००९ मधील अखेरच्या लष्करी कारवाईला शासनाने 'मानवतावादी मोहीम' हे नाव दिले. त्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिकांचा मृत्यू झाला असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नोंदवली. १९ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी संसदेतील विजयभाषणाची काही वाक्ये तमिळमध्ये म्हटली आणि यापुढे देशात अल्पसंख्याक नाहीत, देशप्रेमी आणि देशप्रेम नसलेले असे दोनच गट आहेत, अशा आशयाचे विधान केले. निरा विक्रमसिंघे यांनी त्याच वर्षी या नव्या देशभक्तीची चिकित्सा केली. येथे तमिळ भाषेला स्थान मिळाले, पण तमिळ या राजकीय ओळखीला मिळाले नाही. भाषेचा स्वीकार आणि भाषकांचा स्वीकार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

८. संशोधकाचे स्थान आणि किंमत

'द ब्रोकन पामायरा' हा जाफना विद्यापीठातील चार अध्यापकांनी लिहिलेला ग्रंथ या संपूर्ण वाङ्मयात वेगळा उठून दिसतो. श्रीलंकन लष्कर, भारतीय शांतिसेना आणि तमिळ सशस्त्र गट या सर्वांच्या अत्याचारांची नोंद त्यात आहे. त्याच्या लेखकांपैकी शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिका राजनी तिरानगम यांची २१ सप्टेंबर १९८९ रोजी जाफन्यात हत्या झाली. तिचा ठपका एल.टी.टी.ई.वर ठेवला जातो. घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम यांना जुलै १९९९ मध्ये एल.टी.टी.ई.च्या आत्मघाती हल्ल्यात प्राण गमवावे लागले. 'स्वतःच्या' बाजूविषयी खरे लिहिण्याची ही किंमत होती. संशोधनातील वस्तुनिष्ठतेची चर्चा सुरक्षित ठिकाणाहून केली जाते तेव्हा या दोन नावांचे विस्मरण होऊ नये.

याच संदर्भात सुरेश कनगराजा यांचे लेखन महत्त्वाचे आहे. १९९५ च्या निबंधात त्यांनी एल.टी.टी.ई.च्या नियंत्रणाखालील जाफन्यातील तमिळ-इंग्रजी द्विभाषिकतेचा अभ्यास केला. शुद्ध तमिळचा आग्रह धरणाऱ्या सत्तेपुढे सामान्य माणसे प्रसंग पाहून भाषा कशी निवडत, हे त्यांनी दाखवले. एकभाषिक सक्ती ही केवळ कोलंबोची मक्तेदारी नव्हती. 'अ जिओपॉलिटिक्स ऑफ अकॅडेमिक रायटिंग' (२००२) मध्ये त्यांनी कागदाचाही तुटवडा असलेल्या जाफन्यातील अध्यापकांना पाश्चात्त्य नियतकालिकांच्या अटी कशा पाळता येत नसत, याचे विवेचन केले आहे. परिणामी युद्धाच्या सर्वांत जवळ असणाऱ्यांचे ज्ञान सर्वांत कमी प्रसृत झाले. सिंहली व तमिळमधील नियतकालिके, पत्रके, न्यायालयीन अर्ज आणि शालेय पाठ्यपुस्तके यांचा तुलनात्मक अभ्यास करणारे द्विभाषिक संशोधक कमी आहेत. कारण स्वतंत्र माध्यमांच्या शाळांनी दोन पिढ्या एकमेकांची भाषा न शिकताच घडवल्या. संशोधनातील ही उणीव हीच त्या धोरणाची साक्ष होय.

९. युद्धोत्तर अभ्यास

ख्रिस्तिना डेव्हिस यांचा 'द स्ट्रगल फॉर अ मल्टिलिंग्वल फ्यूचर' (२०२०) हा कँडीतील शाळांवर आधारित अभ्यास कायदाकेंद्री परंपरेतील उणीव काही अंशी भरून काढतो. एकाच शाळेत सिंहली व तमिळ माध्यमांच्या तुकड्या शेजारी शेजारी चालतात. परंतु त्यांच्यातील विद्यार्थी अभावानेच मिसळतात. धोरण त्रिभाषिक, इमारत एक आणि वर्ग वेगळे, असे हे वास्तव आहे. सरकारने नेमलेल्या आयोगानेही २०११ च्या अहवालात पोलीस ठाण्यांत चोवीस तास द्विभाषिक अधिकारी असावेत, अशी शिफारस केली. तमिळ राजभाषा होऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. तरीही स्वतःच्या भाषेत तक्रार नोंदवता येणे ही शिफारशीची बाब होती.

प्रतीकांच्या पातळीवरील चढउतारही बोलके आहेत. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत तमिळमध्येही गायले गेले; २०२० मध्ये ते वगळण्यात आले. २०२२ च्या आर्थिक अरिष्टातील जनआंदोलनात गॉल फेस येथेच, म्हणजे १९५६ मध्ये सत्याग्रही जेथे मार खात होते तेथे, युद्धातील मृतांचे स्मरण सिंहली आंदोलकांच्या सहभागाने झाले. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत जनता विमुक्ती पेरमुणच्या नेतृत्वाखालील आघाडीला जाफना जिल्ह्यातही सर्वाधिक जागा मिळाल्या. या घटनांतून समेट झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मात्र भाषिक सीमा आणि राजकीय सीमा कायमच्या एकरूप असतात, या गृहीतकाचा फेरविचार करण्यास त्या भाग पाडतात.

१०. भारताशी तुलना

अनेक अभ्यासांत भारताचे उदाहरण प्रतितुलनेसाठी येते. १९५६ या एकाच वर्षी श्रीलंकेने एक राजभाषा लादली आणि भारताने राज्यपुनर्रचना कायदा करून भाषांना प्रदेश दिले. ही तुलना सार्थ आहे; परंतु तिचा वापर आत्मसंतुष्टतेसाठी होऊ नये. भारतातही इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची कायदेशीर हमी मद्रास राज्यातील १९६५ च्या आंदोलनानंतर, १९६७ च्या दुरुस्तीने पक्की झाली; आणि संयुक्त महाराष्ट्र १९६० मध्ये हुतात्म्यांच्या बलिदानानंतर आला. फरक मागण्यांच्या सौम्यतेत नव्हता. उशिरा का होईना, दिलेला शब्द कायद्यात उतरण्यात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांचा विचार मांडताना बहुसंख्याक जातिसमूहाच्या वर्चस्वाचा धोका दाखवून दिला होता. भाषेच्या नावाने उभ्या राहिलेल्या सत्तेत अल्पसंख्याकांचे काय, हा त्यांचा प्रश्न श्रीलंकेइतकाच येथेही लागू आहे.

११. निष्कर्ष

श्रीलंकेविषयीच्या संशोधनाने कायद्याचा इतिहास, अस्मितेची घडण आणि हिंसेचा अनुभव या तीन अंगांनी मोलाची भर घातली आहे. त्याच्या दोन उणिवा मात्र ठळक आहेत : रोजच्या प्रशासकीय व्यवहारातील भाषेकडे झालेले दुर्लक्ष आणि संशोधनाच्या स्वतःच्या भाषेविषयीचे मौन. भाषा युद्धाचे कारण होते की नव्हते, या वादात दोन्ही पक्षांनी भाषेला एखाद्या तक्रारीचे नाव मानले. प्रत्यक्षात भाषा हे राज्यसंस्थेने नागरिकाला शब्द देण्याचे माध्यम असते. तो शब्द १९५७, १९५८ आणि १९६५ मध्ये दिला गेला आणि पाळला गेला नाही. १९८७ मध्ये पुन्हा दिला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या हाती शस्त्रे होती. बहुभाषिक देशातील धोरणाचे मूल्यमापन कायद्याच्या मजकुरावरून न करता, पोलीस ठाण्यातील तक्रारवही कोणत्या भाषेत लिहिली जाते यावरून करावे. पुढील संशोधनाने त्या तक्रारवहीपासून सुरुवात करणे आवश्यक आहे.